लेकरू जेवत नाही, तरी इन्सुलिन द्यायचं?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका आईने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देते. मुलगी सात वर्षांची, वजन 21 किलो, दीड वर्षापासून टाइप 1 मधुमेह. रात्री ग्लार्जिन 7 युनिट आणि तिन्ही जेवणांआधी मिळून अस्पार्ट 9 युनिट. मागच्या आठवड्यात ताप आला, रात्री दोन उलट्या झाल्या, ती जेवली नाही. सासूबाई म्हणाल्या, "लेकरानं अन्नाचा कण खाल्ला नाही, इन्सुलिन कशाले टोचतं?" शेजारच्या दवाखान्यातही तेच सांगितलं गेलं. त्या रात्री दोन्ही इन्सुलिन दिलं नाही. सकाळी मीटरवर शुगर 412, दुपारी आयसीयू, तिथे तीन दिवस. आता मुलगी बरी आहे. आईचं म्हणणं, "आजारपणात किती युनिट द्यायचं ते कोणी नीट सांगत नाही. आणि चूक माझीच झाली ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही काळजीपोटी थांबलात आणि दोन मोठ्या माणसांनी तुम्हाला तेच करायला सांगितलं. माझ्या ओपीडीत येणारं जवळजवळ प्रत्येक घर एकदा तरी इथेच अडलेलं आहे. निदान झालं तेव्हा तुम्हाला टोचायचं कसं, मोजायचं कसं, शुगर उतरली तर काय करायचं हे शिकवलं असेल. आजारपणाचा धडा बहुतेक वेळा राहून जातो, कारण रुग्णालयातून सुट्टी मिळते त्या दिवशी आईबापाच्या डोक्यात आणखी काही शिरायला जागाच उरलेली नसते. तो धडा पुन्हा बोलावून शिकवणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे. स्वतःला दोष देत बसू नका.

किती युनिट, याचा हिशोब तुमच्याच मुलीच्या आकड्यांवर करून दाखवते. पण त्याआधी अडचण कुठे झाली ते बघू. त्या रात्री घरात सगळ्यांच्या मनात एकच समजूत होती, की इन्सुलिन हे जेवणाचं औषध आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. तुमची मुलगी दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी इन्सुलिन घेते. जेवणाआधीचं अस्पार्ट पोळी-भाताची साखर जिरवतं. रात्रीचं ग्लार्जिन ताटाकडे बघतच नाही, ते यकृतावर पहारा ठेवतं.

यकृत म्हणजे घरातली कोठी समजा. आपण उपाशी असलो तरी त्यातून थोडी थोडी साखर रक्तात येत राहते, म्हणून तर झोपेतही मेंदू चालतो. ताप आला, जंतुसंसर्ग झाला, की शरीर संकट ओळखतं आणि ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल, ग्लुकागॉन अशी हार्मोन्स वाढवतं. ही सगळी मिळून कोठीचं दार सताड उघडतात. ज्याचं स्वादुपिंड धड आहे त्याचं शरीर लगेच जास्त इन्सुलिन सोडून ते दार आवरतं. तुमच्या मुलीचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवत नाही, म्हणून ते बाहेरूनच द्यावं लागतं. तेच बंद केलं, तर पोटात कण नसतानाही शुगर चारशेवर जाते. तुम्ही 412 पाहिलंत ती साखर तिच्या स्वतःच्या यकृतातली होती.

आणि शुगर हा अर्धाच धोका. इन्सुलिन नसलं की पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन तयार होतात. ही आम्लं आहेत. ती वाढली की पोट दुखतं, मळमळतं, उलट्या होतात. उलट्यांनी पाणी कमी होतं, लघवीतून साखरेबरोबर आणखी पाणी जातं, कीटोन आणखी साचतात. तुमच्या मुलीच्या पहिल्या दोन उलट्या तापाच्या असतील, पण पहाटेनंतरच्या उलट्या बहुधा कीटोनच्या होत्या. म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक घराला मी एक गोष्ट पाठ करायला लावते: मधुमेहाच्या मुलाला उलटी झाली, की ती कीटोनची आहे असं धरून चालायचं आणि तपासून खात्री करायची. खाण्यातलं काही बाधलं असेल, हा विचार त्यानंतर.

हे किती सहज चुकतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी उमरेडकडून एक नऊ वर्षांचा मुलगा रात्री अकराच्या सुमारास आणला होता. दोन दिवस ताप, जेवण नाही म्हणून इन्सुलिन बंद. श्वास खोल आणि भरभर चालला होता, म्हणून कुठेतरी दमा समजून वाफ दिली गेली होती. बापाच्या खिशात ग्लुकोमीटर होता. त्याने तो काढून दाखवला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मशीन बिघडली जी, कालपासून आकडाच येत नाही, नुसतं हाय लिहून येते." मशीन ठणठणीत होती. शुगर मीटरच्या मोजमापाच्या वर गेली, साधारण पाचशे-सहाशेच्या पुढे, की पडद्यावर तेच उमटतं. मुलाच्या तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. तो वास आणि तो श्वास, दोन्ही कीटोनचे. मुलगा वाचला. पण तेव्हापासून मी प्रत्येक घराला मीटरवरच्या "हाय" आणि "लो" या दोन शब्दांचा अर्थ स्वतः दाखवून देते.

आता आजारपणात करायचं काय, ते सांगते.

पहिली गोष्ट, ग्लार्जिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. ताप असो, जुलाब असोत, लेकरू दिवसभर पाण्यावर असो. जुलाब-उलट्यांत शुगर सारखी खाली येत असेल तर डॉक्टरांशी बोलून ते थोडं कमी करता येतं, काही मुलांमध्ये निम्म्यापर्यंतही आणावं लागतं, पण शून्य कधीच नाही. जेवणाचं अस्पार्ट वेगळं. ती जेवली नाही तर जेवणापुरता डोस टळतो. मात्र शुगर वाढली असेल किंवा कीटोन आले असतील तर त्यासाठी अस्पार्ट वेगळं लागतंच.

दुसरी गोष्ट, मोजणं. आजारपणात दर दोन ते तीन तासांनी शुगर, रात्रीसुद्धा. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असला तरी उलट्या होत असताना आकडा बोटावरून ताडून बघा. काही सेन्सरना पॅरासिटामॉल चुकवतं, काहींना व्हिटॅमिन सीचा मोठा डोस. आणि शुगरबरोबर कीटोन. शुगर 250 च्या वर सलग राहिली, किंवा उलटी, पोटदुखी सुरू झाली, तर शुगरचा आकडा काहीही असला तरी कीटोन तपासायचेच.

कीटोन रक्तात मोजले तर उत्तम. त्याची पट्टी महाग पडते, हे मला माहीत आहे. पण घरात दोन-चार पट्ट्या फक्त आजारपणासाठी राखून ठेवता आल्या तर ठेवा. नाहीच जमलं तर लघवीच्या पट्ट्या चालतात, त्या स्वस्त आहेत. फक्त त्यांची एक खोड लक्षात ठेवा. लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली असते, त्यामुळे पट्टी आत्ताचं चित्र दाखवत नाही, मागचं दाखवते. शिवाय रक्तातला मुख्य कीटोन ती पकडत नाही. मूल सुधारत असतानाही पट्टी जांभळी येऊ शकते. तो रंग बघून इन्सुलिनवर इन्सुलिन देत जाऊ नका. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. ओल लागलेली किंवा जुनी झालेली पट्टी खोटा दिलासा देते.

आता तुमचे आकडे. दिवसाचं एकूण इन्सुलिन 7 आणि 9, म्हणजे 16 युनिट. आजारपणातला जादा डोस या एकूण आकड्यावरून काढतात.

रक्तातले कीटोन (लिटरला मिलिमोलमध्ये) 0.6 च्या खाली असतील तर ते नेहमीसारखेच समजा. शुगर जास्त असेल तर चढलेली शुगर उतरवायला रोज वापरता तोच सुधारणेचा डोस द्या, पाणी द्या. 0.6 ते 1.5 मध्ये असतील आणि शुगर चढलेली असेल तर एकूण डोसाच्या 5 ते 10 टक्के अस्पार्ट जादा, म्हणजे तुमच्या मुलीसाठी 1 ते दीड युनिट. 1.5 च्या वर गेले तर 10 ते 20 टक्के, म्हणजे दीड ते तीन युनिट, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन. तीनच्या वर असतील तर घरी प्रयोग करायचा नाही, निघायचं. दिलेल्या डोसाचा परिणाम दोन तासांनी दोन्ही आकडे मोजून बघायचा आणि मग पुढचा निर्णय. अर्ध्या-अर्ध्या तासाने घाबरून टोचत गेलं तर सगळे डोस एकावर एक चढतात आणि पहाटे शुगर कोसळते.

हे आकडे कागदावर लिहून तुमच्या मुलीच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून पक्के करून घ्या. कारण इथे बरंच काही परिस्थितीवर ठरतं. तुम्ही ग्लार्जिन-अस्पार्टवर आहात म्हणून हा हिशोब बसतो. विदर्भात अजून कितीतरी मुलं साध्या (रेग्युलर) इन्सुलिनवर आणि एनपीएच या मध्यम काळ टिकणाऱ्या इन्सुलिनवर आहेत, काही 30-70 च्या मिक्सवर. साधं इन्सुलिन सहा-आठ तास रेंगाळतं, त्यामुळे दोन जादा डोसांमधलं अंतर जास्त लागतं. मिक्समध्ये दोन्ही प्रकार एकाच बाटलीत बांधलेले असल्यामुळे एक कमी करून दुसरं ठेवता येत नाही. अशा मुलांची आजारपणातली सोय आधीच ठरवून, साध्या इन्सुलिनची एक बाटली घरात ठेवून करावी लागते. इन्सुलिनचा पंप असेल तर आधी नळी आणि सुई बघा, आणि कीटोन असतील तर जादा डोस पेनाने किंवा सिरिंजने द्या. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर उलट्यांमध्ये मी घरी थांबायला सांगतच नाही. आणि घर काटोल, रामटेकच्याही पलीकडे असेल तर मानेवाड्यातली आई जितका वेळ वाट बघू शकते तितका तिथल्या आईने बघू नये.

सिरिंजबद्दल एक ताकीद, कारण आजारपणात टोचायला नेहमीचा माणूस असतोच असं नाही. आपल्याकडे एका मिलीत 40 युनिट असलेल्या बाटल्याही मिळतात आणि 100 च्याही. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने भरलं तर आकडा तोच दिसतो आणि डोस अडीचपट जातो. बाटली आणि सिरिंज एकत्र एका डब्यात ठेवा, सुटी सिरिंज घरात नको.

आता सर्वांत गोंधळाची वेळ: शुगर 90 आहे, उलट्या चालू आहेत आणि कीटोनही आलेत. घरच्यांना वाटतं, नव्वदवर इन्सुलिन दिलं तर मूल बेशुद्ध पडेल. ही भीती रास्त आहे. इथे कीटोन प्रामुख्याने उपाशीपणाचे असतात, आणि ते जायला शरीराला साखर आणि इन्सुलिन दोन्ही लागतात. म्हणून आधी साखर पोटात घालायची आणि ती टिकली, शुगर वर सरकली, की मग छोटा डोस. एरवी ज्या साखरपाण्यापासून आपण लेकराला लांब ठेवतो तेच इथे औषध होतं.

पाजायचं कसं, हे मी ओपीडीत चमचा हातात घेऊन दाखवते. ग्लासभर एकदम दिलं की पाच मिनिटांत परत येतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं पोटाला विसावा द्या. मग छोटा चमचा, पाच मिली, दर दोन-तीन मिनिटांनी. घड्याळ लावून बसा. कंटाळवाणं काम आहे, पण तासाभरात शंभर मिलीपर्यंत पोटात जातं. 21 किलोच्या मुलीला एरवीच दिवसाला साधारण दीड लिटर पाणी लागतं, म्हणजे तासाला साठ मिलीच्या आसपास. उलटी-जुलाबात त्याहून जास्त. चमच्याची ही चाल एवढं भागवते.

शुगर 180 च्या खाली असेल तर साखर असलेलं द्रव द्या: साखर-लिंबूपाणी, पातळ पेज, घरात असेल तर संत्र्याचा रस. वर असेल तर साधं पाणी, वरणाचं पाणी, बिनसाखरेचं मीठ घातलेलं लिंबूपाणी. ओआरएस दोन्हीत चालतं. "त्यात साखर असते ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज 13.5 ग्रॅम असतं, म्हणजे 200 मिलीच्या ग्लासात तीन ग्रॅमसुद्धा नाही. ती साखर मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढून घ्यायला लागते. बिनधास्त द्या, मात्र पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. दुकानातली गोड पेयाची खोकी ओआरएसऐवजी देऊ नका.

शुगर 70 च्या खाली आली तर दोन छोटे चमचे साखर थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पोटात काही टिकतच नसेल आणि शुगर सत्तरच्या खाली राहत असेल तर घरून निघा. गुंगी असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. ज्यांच्याकडे शुगर वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन आहे त्यांनी उलट्यांमधला त्याचा छोटा डोस, आणि तो नेमक्या कोणत्या सिरिंजने भरायचा ते, आपल्या डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवावं.

औषधांबद्दल. तापाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास. सिरपमधल्या चमचाभर गोडव्याची चिंता करू नका, ताप उतरणं महत्त्वाचं. पोळ्याच्या आगेमागे, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते त्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत नागपुरात डेंग्यूचा हंगाम असतो. रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून आपण तिला निरोप देतो तेव्हाच आमच्या वॉर्डात खाटा भरत असतात. म्हणून त्या दिवसांत आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खोकल्याच्या औषधाबद्दल मला "शुगर-फ्री कोणतं?" असं विचारतात. माझं मत सरळ आहे: लहान मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्याला त्या बाटलीची गरज बहुधा नसतेच. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं विषारी सिरपमुळे आपल्याच शहरात उपचाराला आली आणि त्यांतली कितीतरी दगावली. ते दिवस मी विसरू शकत नाही. जास्त लक्ष स्टेरॉईडवर ठेवा. घरघर, दमा, घसा बसणं यासाठी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिलं तर शुगर दोन-तीन दिवस चढलेली राहते. लागलंच तर ते घ्यावंच, पण इन्सुलिन वाढवायची तयारी ठेवून. म्हणून कोणी इंजेक्शन देत असेल तर नाव विचारा. सलाईन लावत असतील तर ती साखरेची आहे का, हेही विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावलं तरी चालेल.

घरून कधी निघायचं? दोन तासांत तीन-चार उलट्या, किंवा पाणीही टिकत नाही. जादा डोस दोनदा देऊनही कीटोन उतरत नाहीत. श्वास खोल, भरभर. पोट खूप दुखतं. लेकरू सुस्त पडलंय, नेहमीसारखं बोलत नाही. सात-आठ तास लघवी नाही. आणि आणखी एक, तुमचा स्वतःचा धीर सुटला तर. रात्री दोन वाजता एकटी आई घाबरली, एवढं कारण मला पुरेसं आहे. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स की घराजवळचं खासगी रुग्णालय, हे आजच ठरवा. मुलांचं आयसीयू रात्री चालू असतं का, ते फोन करून विचारून ठेवा. पोहोचल्यावर पहिलं वाक्य "हिला टाइप 1 मधुमेह आहे, कीटोन एवढे आहेत" हे असू द्या. तापाची हकीकत मग सांगा.

एक गोष्ट आजाराची नसून आजारासारखी भासते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेलं इन्सुलिन निकामी होतं. मूल ठीक आहे, डोस नेहमीचा आहे आणि शुगर उतरत नाही, तर पहिला संशय बाटलीवर घ्या आणि नवी उघडा. वापरातलं इन्सुलिन माठाशेजारी, ओल्या मातीच्या भांड्यात, डबीत बंद करून ठेवा.

तुम्ही घाईत वाचत असाल तर पुन्हा एकदा: ग्लार्जिन चालूच. शुगर आणि कीटोन दर दोन-तीन तासांनी, वहीत वेळेसकट. चमच्याने पाणी. कीटोन 1.5 ला फोन, 3 ला रुग्णालय. आणि वर राहून गेलेली एक गोष्ट: फ्लूची लस दरवर्षी, मुलीला आणि तुम्हा दोघांनाही.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं त्यात साखरेचा आजार म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या आणि भात बंद. त्या हिशोबाने त्यांचं बोलणं बरोबरच होतं. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत आणा. मी कोठीचं उदाहरण त्यांनाच सांगेन, लघवीची पट्टी त्यांच्या हातात देईन आणि डबीवरच्या रंगांशी जुळवून बघायला लावेन. माझ्याकडच्या दोन घरांत आता रात्रीची पट्टी आजीच बघते, कारण त्यांची झोप हलकी असते. पहिल्या खेपेला चष्मा आणायला विसरू नका म्हणावं.